पंप बंद केला की विष परत का येतं?

‘जमीन सगळं पोटात घेते’ हे वाक्य ऐकलं की मला ट्रायक्लोरोएथिलीन आठवतं. धातूच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला हा द्रव कित्येक दशकं वापरला गेला आणि काम झाल्यावर अनेक ठिकाणी कारखान्यामागच्या मातीत ओतला गेला. जमिनीने तो पोटात घेतला खरा, पण पचवला नाही.

डिझेल सांडलं तर ते झिरपून भूजलावर तरंगतं. ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, त्यामुळे ते वाळूच्या फटींतून खाली बुडतच जातं. वाटेत त्याचे थेंब अडकतात आणि चिकणमातीचा थर लागला की त्यावर डबकं साचतं. लिटरभर पाण्यात ते जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास विरघळतं. कमी वाटतं ना? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर द्रवाचं वजन सुमारे १,४६० ग्रॅम. भागाकार करा: तेवढा द्रव २९ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो.

मग पाणी उपसा, शुद्ध करा, झालं! तसं करूनही पाहिलंय. सुरुवातीला प्रमाण झपाट्याने उतरतं, मग एका पातळीवर अडून बसतं आणि पंप बंद केला की पुन्हा चढतं. चोर लपलेला असतो चिकणमातीत. वाळूतलं पाणी दूषित होतं त्या काळात रेणू विसरणाने (म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत) चिकणमातीच्या थरात शिरलेले असतात. वाळू स्वच्छ झाली की प्रमाणाचा हा उतार उलटतो आणि तेच रेणू बाहेर येऊ लागतात. या थरातून पाणी वाहतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून पंप कितीही मोठा आणला तरी त्याची ओढ तिथे पोचत नाही. विसरणाचा हिशेबही क्रूर आहे: अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. शिवाय कडेचे रेणू बाहेर येत असताना आतले काही आणखी खोल सरकत असतात, कारण त्यांचं सर्वाधिक प्रमाण आता मधे कुठेतरी असतं.

(‘सगळं विष खाणारे’ जिवाणू विकणाऱ्यांपासून जरा सावध. असे जिवाणू खरंच आहेत, पण त्यांना ऑक्सिजनविरहित परिस्थिती लागते. काम अर्धवट थांबलं तर व्हिनाइल क्लोराइड उरतं, आणि त्याने कर्करोग होतो.)

विषारी कचऱ्याच्या जागा साफ करण्यासाठीचा अमेरिकेचा १९८०चा ‘सुपरफंड’ कायदा अनेकांना जुलमी वाटतो, तो या पार्श्वभूमीवर वाचावा. त्याआधी न्यूयॉर्क राज्यात लव्ह कॅनॉलचं प्रकरण झालं होतं. हूकर कंपनीने रसायनं पुरलेली ती जमीन १९५३ साली शाळा मंडळाला एका डॉलरला विकली आणि पुढे काही झालं तर आपण जबाबदार नाही, असं खरेदीखतात लिहून घेतलं. त्या जागेवर शाळा झाली, भोवती घरं उठली. १९७८ साली तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली.

नव्या कायद्यापुढे अशा कलमाने सरकारला देणं लागणारी जबाबदारी टळत नाही. आजचा मालक, कचरा टाकला तेव्हाचा मालक, तो टाकायची व्यवस्था करणारा, आणि जागा निवडून तिथवर नेणारा वाहतूकदार, सगळे जबाबदार. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कचरा कायद्याआधीचा असला तरी सुटका नाही. आणि नुकसान विभागता येत नसेल, तर एकाच कंपनीकडून सगळा खर्च वसूल होऊ शकतो. ओहायोतल्या केम-डाइन खटल्यात १९८३ साली न्यायालयाने हे तत्त्व मांडलं. मला ते रसायनशास्त्राला धरून वाटतं. शंभर जणांची पिंपं एकाच डबक्यात गळली, तर कुठला रेणू कुणाचा हे कोण सांगणार? विभागणीला सबळ आधार असेल तर मात्र वाटणी होते. २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ती मान्य केली.

विसरणाची चाल या कायद्यातही उतरली आहे. उपाय करूनही घातक पदार्थ जागेवर उरत असतील, तर किमान दर पाच वर्षांनी फेरतपासणी करावी लागते, आणि ती किती वेळा करायची याला कायद्यात शेवट नाही.