नसांमधला करंट आणि बिचारे बेडूक

पायाला मुंगी चावली की डोक्याला लगेच कळतं, पण हे 'लगेच' म्हणजे नक्की किती वेळ आणि आत धावतं तरी काय, हे कळायला लई वर्षं गेली आणि त्यात जीव गेला तो बेडकांचा.

जुन्या काळच्या ग्रीक वैद्य गॅलेनपासून शेकडो वर्षं वैद्य मंडळी मानत होती की नसांमधून (रक्ताच्या नव्हे, निरोप नेणाऱ्या, म्हणजे मज्जातंतूंमधून) प्राणासारखं काहीतरी वाहतं. मग इटलीत बोलोन्याला गॅल्वानीच्या टेबलावर मेलेल्या बेडकाची तंगडी विजेच्या ठिणगीने उडाली, त्याने 1791 ला छापलं की प्राण्यातच वीज असते. व्होल्टा नावाचा दुसरा शास्त्रज्ञ म्हणाला, छे, वीज तुझ्या दोन धातूंच्या जोडीतून येते, आणि त्या वादातून 1800 मध्ये चक्क बॅटरी निघाली! गंमत म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर होते.

आता नसेतल्या निरोपाचा वेग. म्युलरसारखा मोठा प्रोफेसर म्हणायचा की तो कधी मोजताच येणार नाही. त्याचाच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ, याने बेडकाच्या पोटरीचा स्नायू नसेसकट काढला, नसेला एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांबून शॉक दिला, शॉक लागताच मोजणाऱ्या मीटरमधला करंट चालू आणि स्नायू आखडला की बंद, तेवढ्या वेळात मीटरचा काटा किती हलला ते बघायचं, बस. लांबून दिला की जरासा उशीर, सेकंदाच्या हजाराव्या भागातला. 1850 च्या सुमारास उत्तर आलं साधारण सेकंदाला 27 मीटर, म्हणजे ताशी शंभर किमीच्या आतबाहेर. आपली एक्सप्रेस गाडी पळते तेवढंच की!

पुढे काहाल नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की नसांच्या पेशी सुट्या सुट्या असतात. मग मधली फट निरोप ओलांडतो कसा? ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला याचं उत्तर स्वप्नात सुचलं, रात्री कागदावर लिहिलं, सकाळी स्वतःचंच अक्षर वाचता येईना (डॉक्टरच तो). दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न, तेव्हा मात्र तडक लॅब गाठली. बेडकाची दोन हृदयं, एकाची व्हेगस नस (हृदयाचे ठोके मंद करणारी) चेतवून ठोके मंद केले आणि त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्याला दिलं तर तेही मंदावलं. म्हणजे फटीत वीज नाही, केमिकल! हे 1921 ला छापून आलं, 1936 ला नोबेल. ते केमिकल म्हणजे ॲसिटिलकोलीन.

नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथेही निरोप हेच केमिकल नेतं. मण्यारीचं विष नेमकं तिथेच खोडा घालतं, म्हणून चावलेल्या माणसाच्या पापण्या आधी जड होऊन मिटायला लागतात.