वस्तू व सेवा कर नोंदणी : ठाणे व नवी मुंबईतील छोटे व्यवसाय

विक्रीवरचा कर ग्राहकाकडून घेऊन सरकारजमा करायचा, तर व्यावसायिकाला त्यासाठी क्रमांक घ्यावा लागतो. तो ऑनलाईन मिळवण्याची ही प्रक्रिया. बोलण्यात तिला ‘जीएसटी नंबर काढणे’ म्हणतात. जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी मात्र अजून ‘सेल्स टॅक्सचा नंबर’च आहे. त्यांचेही चूक नाही. १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा, १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, असे एका पिढीने तीन कर पाहिले. मध्येच १ एप्रिल २०१३ पासून ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचा एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, त्याची नोंदणी पालिकेकडे वेगळी. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली.

केवळ वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांवर गेली की नोंदणी बंधनकारक होते, सेवा देणाऱ्याला २० लाखांवर. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. राज्याबाहेर माल विकणाऱ्याला ही मर्यादा नाही, त्याला पहिल्या बिलापासून नंबर हवा. उलाढाल मोजताना करमुक्त विक्रीही धरतात, आणि फसगत होते ती इथेच. तुर्भ्याच्या बाजार समितीत गाळ्यावर फक्त ताजी भाजी विकणाऱ्याला कोट्यवधींची उलाढाल असूनही नोंदणी लागत नाही, कारण त्याचा सगळा माल करमुक्त आहे. त्याच गाळ्यावर करपात्र मालाची थोडी जरी विक्री सुरू झाली, तरी भाजीची रक्कमही हिशेबात येते.

अर्ज देशभरासाठी असलेल्या सामायिक जीएसटी पोर्टलवर करतात. सरकारी शुल्क काही नाही. सल्लागार घेतो ती त्याची फी. पहिल्या भागात पॅन, मोबाईल आणि ईमेल ओटीपीने पडताळला की तात्पुरता क्रमांक मिळतो. तो १५ दिवस चालतो, तेवढ्यात दुसरा भाग भरायचा. पोर्टल नाव पॅनवरून उचलते. लग्नानंतर आधारवर नवे नाव घेतलेल्या, पण पॅन माहेरच्याच नावावर ठेवलेल्या महिलांचे अर्ज म्हणून आधार पडताळणीला अडकतात. घरगुती फराळ, मसाले किंवा शिवणकामाचा व्यवसाय काढणाऱ्यांनी ही जुळवाजुळव आधी केलेली बरी.

खरी कसोटी मात्र जागेच्या कागदाची. व्यवसाय राहत्या घरातून करता येतो, त्यासाठी गाळा घ्यावा लागत नाही. जागा स्वतःची असेल तर लाईट बिल किंवा मालमत्ता कराची पावती, यांपैकी एक कागद पुरतो. भाड्याची असेल तर करार आणि मालकाच्या नावाचा असा एक कागद. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचेच आहे, आणि करार नोंदवलेला असेल तर मालकाचे ओळखपत्र मागू नये, अशी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची १७ एप्रिल २०२५ ची सूचना आहे. पती-पत्नीच्या किंवा नातेवाइकाच्या नावावरच्या घरासाठी साध्या कागदावरचे संमतीपत्र, देणाऱ्याचे ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद चालतो.

नियम असा सरळ, पण घरे तशी सरळ नसतात. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत लाईट बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असले, तर संमतीपत्रावर सही कोण करणार? अशा वेळी आधी महावितरणकडे नाव बदलून घेणे हाच जवळचा रस्ता. (कळवा-मुंब्र्यात हे काम टोरंट या खासगी वीज कंपनीकडे.) घणसोली, कोपरखैरणे अशा नवी मुंबईच्या गावठाणांत वाढवून बांधलेल्या बऱ्याच घरांना नोंदणीकृत खरेदीखत नसते, पण लाईट बिल असते, आणि नियमाला तेवढे पुरते. तरी सोसायटीची एनओसी जोडा, गुमास्ता जोडा असे सल्ले मिळत राहतात. गुमास्ता ही दुकाने व आस्थापना कायद्याखालची निराळी नोंद आहे. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर तिथे ऑनलाईन सूचना दिली की झाले.

अर्ज ठाण्याचा असो की बेलापूरचा, तो राज्याच्या अधिकाऱ्याकडे जाईल की केंद्राच्या, हे अर्जदाराच्या हाती नसते. आधार पडताळणी झालेली असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. जागेची प्रत्यक्ष पाहणी ठरली तर ३० दिवस. काही अर्जदारांना बोटांच्या ठशांसाठी सेवा केंद्रात बोलावतात. शंका निघाली, म्हणजे रोजच्या भाषेत ‘क्वेरी आली’, तर सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. ती ईमेलवर येते आणि ईमेल सल्लागाराचा दिलेला असतो. मुदत उलटते ती बहुधा अशी. ईमेल आणि मोबाईल आपलाच द्यावा. नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवरचा कर महिना अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर १ नोव्हेंबर २०२५ पासून तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर देणारी वेगळी सोयही आहे.

मिळणारा क्रमांक १५ अक्षरांचा : आरंभी महाराष्ट्राचे २७, मग पॅनची दहा अक्षरे. तो दुकानाच्या पाटीवर लिहायचा आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचे. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकत नाही. दीड कोटींच्या आत उलाढाल असलेल्या दुकानदाराला कंपोझिशन या सवलतीच्या योजनेत उलाढालीच्या एक टक्का कर भरून मोकळे होता येते, मात्र तो कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही.

नंबर हाती आला की बहुतेकांना काम संपल्यासारखे वाटते. राज्याचा व्यवसाय कर तेव्हा मागे राहतो. १९७५ च्या कायद्याखालच्या त्या करासाठी राज्याच्या महाजीएसटी पोर्टलवर वेगळे नाव नोंदवावे लागते आणि वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. पगारी माणसे असतील तर त्यांच्या पगारातून कापायच्या व्यवसाय कराची नोंदणी आणखी निराळी.