श्रेय कुणाचं आणि वाटा कुणाचा

१८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. सहा जिल्ह्यांतले वकील त्यासाठी चाळीसेक वर्षं भांडत होते. शहर अभिनंदनाच्या फलकांनी भरून गेलं आणि ज्याच्या त्याच्या फलकावर ज्याचा त्याचा फोटो मोठा होता. रिक्षात शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "एवढ्या लोकांनी आणलंय म्हणजे बेंच लई जड असणार."

श्रेयवाद हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रोज भेटतो. माझ्या धंद्यातही तो आहे, फक्त फलकाऐवजी अहवालात. ग्रामसभा, माहिती अधिकार, महिलांचा सहभाग, पंचायतीचा पारदर्शक कारभार अशा विषयांवर संस्थांना अनुदान मिळतं आणि दोन-तीन वर्षांनी 'त्यातून काय निष्पन्न झालं' ते बघायला माझ्यासारखीला पाठवतात. तिथे दोन शब्द हमखास एकमेकांत मिसळतात. इंग्रजीत ते ऐकायलाही जुळे वाटतात: ॲट्रिब्युशन आणि कॉन्ट्रिब्युशन. मी त्यांना श्रेय आणि वाटा म्हणते.

श्रेय म्हणजे असा दावा: हा बदल आमच्यामुळे झाला, आम्ही नसतो तर झाला नसता, आणि झाला तो अमुक इतका. वाटा म्हणजे: बदल बऱ्याच गोष्टींनी मिळून झाला, त्यात आमचं काम अमुक ठिकाणी, अमुक रीतीने कामी आलं. पहिला दावा मोठा आणि दुसरा नम्र, असा लोकांचा समज असतो. फरक तो नाही. दोन्ही दाव्यांना लागणारा पुरावा वेगळ्या जातीचा आहे, आणि एकाचा पुरावा दाखवून दुसऱ्याचा दावा करणं हीच अहवालांतली सर्रास चूक आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड घ्या. मे २०२२मध्ये तिथे ठराव झाला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. १७ मे रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आता समजा, त्या गावात एखादी संस्था अनुदानावर महिला हक्कांचं काम करत असती. तिच्या वार्षिक अहवालात काय आलं असतं? 'आमच्या प्रकल्पामुळे ऐतिहासिक ठराव.' आणि ते वाक्य मुंबई-दिल्लीत कुणालाही खटकलं नसतं.

पण तो ठराव कुठून आला ते मागे मागे जाऊन बघा. कोरोनाच्या दोन वर्षांत ऐन तिशी-चाळिशीतले पुरुष गेले आणि घराघरांत तरुण विधवा दिसू लागल्या. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे हा विषय घेऊन ग्रामपंचायतींना साद घालत होते. ते वर्ष राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं. महाराज ६ मे १९२२ला गेले, आणि विधवा पुनर्विवाहाचा कायदा त्यांनी कोल्हापूर संस्थानात १९१७मध्येच केला होता. इथे पुरोगामी ठराव मांडणाऱ्याला शाहूंचं नाव घेता येतं, आणि ते नाव घेतल्यावर उघड विरोध करणं अवघड जातं. हे भांडवल दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरपंचाकडे तितकं नसतं. शिवाय परिपत्रक निघालं तेव्हा ग्रामविकास खातं कागलच्या हसन मुश्रीफांकडे, म्हणजे याच जिल्ह्यात होतं. आणि शेवटी गावातले कारभारी आणि बायका, ज्यांनी हात वर केले.

या यादीतली एक गोष्ट काढली तर ठराव झाला असता का? कुणालाच सांगता येणार नाही. हेरवाड एकच आहे. ठराव न झालेलं, बाकी सगळं तस्संच असलेलं दुसरं हेरवाड शेजारी ठेवून बघता येत नाही. श्रेय मागायला नेमकं तेच दुसरं हेरवाड लागतं.

काही कामांत ते मिळतंही. बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञाने इंडोनेशियात सहाशेहून जास्त गावांच्या रस्त्यांवर केलेला अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात अक्षरशः रस्ते खोदले होते. गावाने बिलात दाखवलेली खडी-वाळू प्रत्यक्षात किती पडली, ते इंजिनिअरांनी रस्त्याचे नमुने काढून मोजलं. चिठ्ठ्या टाकून काही गावांना आधीच सांगितलं होतं, की तुमचं सरकारी ऑडिट नक्की होणार. काही गावांत लोकांना सभेची आमंत्रणं वाटून हिशेबावर बोलायला बोलावलं. नक्की ऑडिट होणार म्हटल्यावर गायब होणारा पैसा सुमारे आठ टक्के बिंदूंनी घटला. आमंत्रणं वाटलेल्या गावांत सभेला लोक जास्त आले, पण चोरीत सरासरी फारसा फरक पडला नाही.

आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही हा निकाल झोंबेल असाच आहे, कारण सभेला आलेल्यांच्या सह्या मोजून आम्ही 'जनसहभाग वाढला' असं लिहून मोकळे होतो. पण इथे दाव्याचा आकडा कमावलेला आहे. गावं पुष्कळ, दिलेली गोष्ट एकच आणि ठरावीक, कुणाला द्यायची ते चिठ्ठीने ठरलेलं, आणि मोजायची वस्तू रस्त्यात गाडलेली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच पद्धतीच्या कामासाठी. हेरवाडसारख्या एकुलत्या एका ठरावाला ती लावता येत नाही, आणि नागरी संघटनांच्या अनुदानातली बहुतेक कामं हेरवाडच्या जातीची असतात: एक कायदा बदलतो, एक कचेरी दार उघडते, एक गाव ऐकतं.

मग तिथे वाट्याचा हिशेब. या पद्धतीची नीट मांडणी कॅनडाच्या महालेखापरीक्षक कार्यालयात काम केलेल्या जॉन मेन यांनी केली. म्हणजे मूळ माणूस हिशेबतपासनीसांच्या घरचा, हे लक्षात ठेवलेलं बरं. कारण आपल्याकडे वाटा म्हटलं की लगेच खारीचा वाटा येतो आणि खारीला कुणी पावती मागत नाही. 'या बदलात आमचाही खारीचा वाटा आहे' हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचलंय, की आता पेन्सिलीने समासात लिहिते: कुठली वाळू, कुठला दगड, कुठली तारीख?

मेन यांची रीत थोडक्यात अशी. आधी आपल्या कामातून बदल कसा घडेल याची साखळी लिहायची. मग प्रत्येक कडीला पुरावा शोधायचा. मग, आणि हेच लोक टाळतात, बदल दुसऱ्या कशामुळे झाला असू शकतो त्याची यादी करून तीही तितक्याच कसोशीने तपासायची. त्याला जोडून मी पुरावे दोन प्रकारचे धरते. एक, ज्याच्याशिवाय दावा पडतोच. दुसरा, जो सापडला की दावा मुद्देमालासकट पकडला गेला.

दोन्ही मला एकाच फेरीत भेटले. एका संस्थेचं करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत महिलांच्या ग्रामसभेतल्या सहभागाचं काम होतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. बायकांना ते माहीत व्हावं आणि त्यांनी हिशेब मागावा, हा प्रकल्पाचा गाभा. संस्थेचा दावा, की तीन गावांत बायकांनी अर्ज केले आणि निधी हलला.

पहिल्या गावात मी ग्रामपंचायतीत जाऊन आवक नोंदवही मागितली. भाऊसाहेबांनी (म्हणजे ग्रामसेवकांनी; त्यांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून भाऊसाहेबच) कपाटातून अर्जाची फाइल काढली. अर्ज २०२३चा, वहीच्या पानावर, निळ्या पेनाने, अठरा सह्या आणि चार अंगठे. मजकुरात मात्र 'सन २०१७-१८ या वर्षाचा दहा टक्के निधीचा तपशील मिळावा' असं होतं. २०२३मध्ये कुणाला २०१७-१८चा हिशेब कशाला हवा? मी पिशवीतून संस्थेचं चार पानी झेरॉक्स पत्रक काढलं. शेवटच्या पानावर अर्जाचा नमुना, आणि त्यात जुन्या प्रतीतून तसंच राहिलेलं साल: २०१७-१८. बायकांनी ते इमानेइतबारे उतरवून काढलं होतं. प्रशिक्षणाचे फोटो, हजेरीपत्रकं, 'आम्हाला खूप माहिती मिळाली' असे अभिप्राय यांतलं काहीच मला इतकं पटलं नसतं. ती चूक दुसऱ्या कुठल्याही वाटेने त्या कागदावर येणं जवळजवळ अशक्य होतं.

दुसऱ्या गावात उलटं झालं. आवक नोंदवहीत अर्जाची तारीख प्रशिक्षणाच्या एकोणीस दिवस आधीची. दावा तिथेच पडला. कारण नंतर येऊन चालत नाही. अर्ज देणाऱ्या ताईंच्या दारात बसून विचारलं तर म्हणाल्या, "त्या बाई यायच्या आधीच मी अर्ज दिलो होतो की. आमच्या प्रभागसंघाच्या मीटिंगात कळलं होतं." ('दिलो' वाचून बाहेरच्यांनी चकायचं कारण नाही. इकडे बायका असंच बोलतात. मीही अहवालात 'करते' लिहिते आणि घरी 'करतो'.) म्हणजे बी 'उमेद' या सरकारी अभियानाच्या बचत गटांच्या जाळ्यातून पडलेलं. संस्थेचं नाव खोडायला मी पेन काढलं, तोवर ताई पुढे बोलल्या. अर्जाला दोन महिने उत्तरच आलं नाही, घरचे म्हणाले सोड आता, आणि तेव्हा संस्थेची कार्यकर्ती त्यांच्याबरोबर पंचायत समितीत दोनदा गेली. "एकटी असतो तर गेलो नसतो." पोचपावत्यांवरच्या तारखा जुळल्या. वाटा होता, पण प्रकल्पाच्या कागदावर लिहिलेला नव्हे. तो माहिती देण्याचा नव्हता, सोबत जाण्याचा होता, आणि त्यासाठी बजेटमध्ये प्रवासखर्चाचीही ओळ नव्हती. असलं काही श्रेयाच्या चौकटीतून दिसत नाही. तिथे ताईंचं गाव 'नाही' या रकान्यात गेलं असतं आणि विषय संपला असता.

तिसऱ्या गावात शिलाई मशीन वाटली गेली होती, पण ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि उपसरपंचांना आठवणही तेव्हाच झाली. बायकांचा अर्ज होता, तारीखही आधीची होती. तरी अर्जाने मशीन आलं की निवडणुकीने, हे सांगणारं काहीही हाती लागलं नाही. तिथे मी 'वाट्याचा पुरावा नाही' एवढंच लिहिलं. संस्थेचे लोक नाराज झाले. व्हायचेच.

या सगळ्यात देणगीदारांची बाजू मला कळत नाही असं नाही. कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या (कंपन्यांनी समाजकामावर करायच्या सक्तीच्या खर्चाच्या) नियमांत जानेवारी २०२१पासून तरतूद आहे, की ज्या कंपनीचं मागच्या तीन वर्षांतलं सरासरी सीएसआर बंधन दहा कोटी किंवा जास्त असेल, तिने एक कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांची परिणाम-तपासणी स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायची, प्रकल्प संपून किमान वर्ष झाल्यावर. तपासणी करा म्हटलं की बोर्डाला आकडा लागतो, आणि आकडा श्रेयाच्या भाषेत येतो. शाळेतल्या शौचालयाला किंवा ठिबक सिंचनाला तो बऱ्यापैकी शोभतोही.

गोंधळ वाढतो तो एका गावात चार संस्था असल्या की. २०१९च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यात किती जण आले ते इथल्या लोकांना आठवत असेल. प्रत्येकाने आपापल्या अहवालात तेच गाव, तीच समिती, तोच आराखडा 'घडवला' असं लिहिलं, तर बेरजेत गावात चार आराखडे तयार होतात आणि कपाटात एकच असतो. वाट्याच्या भाषेत चौघेही खरं बोलू शकतात. त्यासाठी प्रत्येकाला उरलेल्या तिघांची नावं लिहावी लागतात, आणि तसा रकाना मी अजून एकाही फॉर्ममध्ये पाहिलेला नाही.

त्या प्रकल्पाच्या फॉर्ममध्ये होता तो रकाना असा: 'प्रकल्पामुळे झालेला बदल (टक्के)'. मी तिथे आडवी रेघ मारली आणि खाली तीन गावांचे तीन परिच्छेद लिहिले. फोन आला. "मॅडम, काहीतरी टाका, सिस्टिम पुढे जात नाही." शेवटी शून्य टाकलं, तर सिस्टिमने लाल रंगात विचारलं, 'नक्की?'

पुढच्या फेरीला पहिल्या गावातल्या बायकांना मी ती सालाची चूक दाखवली. ज्यांच्या हस्ताक्षरात अर्ज होता त्या आधी ओशाळल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. म्हणाल्या, "आमी साल चुकलो व्हय? मग ऱ्हाऊ दे की. त्याही सालाचा बी द्या म्हणावं हिशेब." भाऊसाहेब आता २०१७-१८चं दप्तर शोधताहेत.