थोरियमला विरजण लागतं

आमच्या शेजारच्या काकूंना कित्येक वर्षं वाटायचं की इंदूरच्या कॅटमधे, म्हणजे आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रामधे, अणुभट्टी आहे. तसं नाहीये, तिथे लेझर आणि अ‍ॅक्सलरेटरचं काम चालतं. पण परवा त्यांनी विचारलं, केरळच्या वाळूत एवढं थोरियम (एक किरणोत्सारी धातू) आहे म्हणतात मग ते अणुभट्टीत सरळ वापरत का नाहीत? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर दोन शब्दांत अडकलंय, फर्टाइल आणि फिसाइल.

न्यूट्रॉन लागला की ज्याचा अणू फुटतो आणि पुढची साखळी चालू ठेवतो ते फिसाइल, जसं युरेनियम-235. थोरियम-232 एकट्याने साखळी चालवूच शकत नाही, ते फर्टाइल. काकूंना मी दुधाचं उदाहरण दिलं. दूध म्हणजे दही नव्हे, विरजण लावलं तर होतं. थोरियमचं विरजण म्हणजे न्यूट्रॉन, आणि ते सुरुवातीला युरेनियम-235 किंवा प्लुटोनियमकडून आणावं लागतं, म्हणूनच भारताच्या अणुऊर्जेसाठी होमी भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या योजनेत थोरियम शेवटी येतं. न्यूट्रॉन शोषला की थोरियम-233 बनतं, त्याचं अर्धायुष्य 22 मिनिटं, मग प्रोटॅक्टिनियम-233, त्याचं 27 दिवस (27 दिवसांत निम्मंच बदलतं हां, सगळं नाही, इथे खूप जण चुकतात) आणि मग युरेनियम-233, जे फिसाइल आहे. आता दही लागताना पातेलं हलवायचं नसतं ना, तसंच प्रोटॅक्टिनियमला मधेच आणखी एक न्यूट्रॉन लागला तर तो अणू वाया गेला. ते बाजूला काढून शांत ठेवता आलं तर उत्तम, आणि इंधन द्रव असेल तर ते चालू भट्टीतून काढता येईल, ही या सगळ्यामागची मोठी आशा आहे.

म्हणून मोल्टन सॉल्ट, म्हणजे वितळलेलं मीठ. हे आपलं जेवणातलं मीठ नाही, लिथियम आणि बेरिलियमची फ्लोराइडं एकत्र वितळवतात, साधारण 460 अंशाला वितळतं आणि उकळायला 1400 च्या वर जावं लागतं, त्यामुळे 650-700 अंशाला चालवलं तरी कुकरसारखं प्रेशर धरून ठेवावं लागत नाही. इंधन त्यातच विरघळलेलं असतं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे फ्रीझ प्लग. थंडीत खोबरेल तेलाच्या बाटलीच्या गळ्याशी तेल गोठून बसतं, बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, आणि गळा जरा हातात धरून गरम केला की धार लागते. भट्टीच्या खालच्या पाइपमधे अगदी तेच करतात, बाहेरून हवा मारून मीठ गोठवून ठेवतात. वीज गेली की पंखा बंद, बूच वितळतं आणि सगळं इंधन आपोआप खालच्या टाकीत उतरतं. त्या टाकीत ग्रॅफाइट नसतं, न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं मॉडरेटरच नाही म्हटल्यावर साखळी थांबते.

हे नुसतं कागदावर नाहीये, अमेरिकेत ओक रिजला 1965 ते 1969 अशी भट्टी चालली आणि 1968 मधे ती युरेनियम-233 वर चालवली. पण तिच्या मिठात थोरियम नव्हतंच! ते युरेनियम-233 दुसऱ्या रिअ‍ॅक्टरमधे थोरियमपासून बनवून आणलेलं. म्हणजे थोरियम वेगळं आणि मोल्टन सॉल्ट वेगळं, एकाशिवाय दुसरं चालू शकतं, आणि लोक दोन्ही एकच समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

अडचणीही खऱ्या आहेत. ओक रिजच्या भट्टीतल्या निकेलच्या खास मिश्रधातूला, अणू फुटताना तयार होणाऱ्या टेल्युरियममुळे बारीक चिरा पडलेल्या आढळल्या. युरेनियम-233 सोबत थोडं युरेनियम-232 येतंच आणि त्याच्या पुढच्या साखळीत थॅलियम-208 इतके जोरदार गॅमा किरण सोडतं की सगळं काम जाड भिंतीआडून करावं लागतं.

काकूंचा शेवटचा प्रश्न, चीनची गान्सूमधली 2 मेगावॉटची भट्टी 2023 मधे 'क्रिटिकल' झाली म्हणजे काही बिघडलं का? पेशंट क्रिटिकल असतो तसं हे नाही काकू. प्रत्येक विखंडनातून (म्हणजे अणू फुटण्यातून) सरासरी बरोब्बर एक न्यूट्रॉन पुढचं विखंडन करतोय, साखळी स्थिर चाललीये, एवढाच अर्थ, म्हणजे चांगली बातमी. आपली तमिळनाडूतल्या कल्पक्कमची कामिनी ही छोटी संशोधन भट्टी पण 1996 मधे क्रिटिकल झाली, जेमतेम 30 किलोवॉटची, तिच्यात थोरियमपासून केलेलं युरेनियम-233 आहे, पण मीठ नाही, अ‍ॅल्युमिनियममधे मिसळून केलेल्या घन प्लेटा आहेत.