लिबर्टी रेक, तुलांबेन (बाली)

लिबर्टी हे बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन गावासमोर बुडालेलं अमेरिकन मालवाहू जहाज (बुडालेल्या जहाजाला रेक म्हणतात), लांबी साधारण 120 मीटर. स्कूबावाल्यांमध्ये, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणाऱ्यांमध्ये, ते जितकं जहाज म्हणून प्रसिद्ध आहे त्याहून जास्त त्यावर राहणाऱ्या माशांसाठी. बोट लागत नाही, गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं (जड सिलिंडर गावातल्या बायका डोक्यावरून आणून देतात, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं), जरा पोहलं की काळ्या वाळूच्या उतारावर जहाज दिसायला लागतं. वरचा भाग 5 मीटर खोलीवर, खालचा 30 च्या आसपास.

जहाज 1918 मधलं. 11 जानेवारी 1942 ला लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला, दोन युद्धनौकांनी ते सिंगाराजा बंदराकडे ओढत न्यायला घेतलं पण पाणी फार भरत होतं म्हणून तुलांबेनलाच किनाऱ्यावर चढवलं. 1963 मध्ये अगुंग ज्वालामुखी उसळला आणि त्या धक्क्यांनी ते घसरून समुद्रात गेलं. म्हणजे आज त्यावर दिसणारी सगळी प्रवाळ-माशांची वस्ती 1963 नंतरचीच.

ही वस्ती झाली कशी, तर आजूबाजूला नुसती वाळू आणि वाळूवर प्रवाळाला घट्ट धरायला काही मिळत नाही. लोखंड मिळालं, त्यावर स्पंज, प्रवाळ, सी फॅन (पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ) धरले, मग लपायला जागा म्हणून छोटे मासे आले आणि त्यांच्यामागे मोठे.

इथला खरा मान बंपहेड पोपटमाशाचा. कपाळावर मोठं टेंगूळ, लांबी 1.3 मीटरपर्यंत, चोचीसारख्या दातांनी प्रवाळ फोडून खातो आणि त्याची वाळू करून टाकतो. हे रात्री कळपाने रेकच्या आडोशाला झोपतात आणि उजाडलं की निघून जातात, म्हणून बघायचे असतील तर सूर्योदयालाच पाण्यात उतरायला हवं, दिवसा बसेस भरून लोक येतात तेव्हा ती मजा राहत नाही. ट्रेव्हली माशांचा थवा मात्र दिवसाही फिरत असतो, एखादा मोठा बॅराकुडा मासा एकटाच तरंगत असतो, आणि उताराच्या वाळूत गार्डन ईल म्हणजे बारक्या वामी अर्ध्या बाहेर डोलत असतात, जवळ गेलात की सगळ्या एकदम आत. सी फॅनवर बोटाच्या पेराएवढेही नसलेले पिग्मी समुद्रघोडे असतात, गाइडने दाखवल्याशिवाय ते दिसणं कठीण.

मासा जवळ यावा असं वाटत असेल तर त्याच्या मागे पोहू नका, एका जागी थांबा, श्वास संथ ठेवा, बहुतेक वेळा तोच बघायला येतो. हात कशालाही लावू नका. लायनफिश आणि स्कॉर्पियनफिश विषारी काट्यांचे असतात, त्यातला दुसरा तर गंजलेल्या पत्र्यासारखाच दिसतो. फिनचा (पायातल्या वल्ह्यासारख्या पट्टीचा) एक फटका बसला तरी कित्येक वर्षं वाढलेला सी फॅन मोडतो, त्यामुळे बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं, जमत नसेल तर आधी ती शिका आणि मगच रेकजवळ जा, याबाबतीत सूट नाही.

आपल्याकडे तारकर्ली-मालवणला स्कूबा रुजलंय, आणि 2024 मध्ये निवृत्त झालेली नौदलाची आयएनएस गुलदार सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवायचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला, त्यामागे कृत्रिम प्रवाळभित्तीचा हाच विचार आहे. फरक इतकाच की लिबर्टी अपघाताने तिथे गेली आणि गुलदार ठरवून.