जुन्या मिलिंग मशीनचे सीएनसी रेट्रोफिटिंग

हाताने हँडल फिरवून चालवायच्या मिलिंग मशीनचा बिडाचा सांगाडा तसाच ठेवून तिच्या अक्षांना मोटर, ड्राइव्ह (मोटरला हवी तशी वीज देणारी पेटी) आणि संगणकीय कंट्रोलर बसवणे, याला सीएनसी (संगणकीय संख्यात्मक नियंत्रण) रेट्रोफिटिंग म्हणतात. मशीनचे कॉलम (उभा खांब), नी (त्यावर वर-खाली सरकणारा आधार), सॅडल (नीवर पुढे-मागे सरकणारा भाग) आणि टेबल हे सर्वांत जड आणि सर्वांत टिकाऊ भाग जुनेच राहतात. बदलते ते त्यांना हलवणारे अंग. चांगले बीड कापताना येणारी थरथर शोषून घेते, आणि ओतल्यानंतर त्यात अडकलेले ताण वर्षानुवर्षांत बरेचसे निघून गेलेले असतात. त्यामुळे कोपऱ्यात धूळ खात पडलेली मशीन भंगाराच्या भावाने देण्याआधी तिच्या स्लाइडची (भाग ज्यांवरून सरकतात त्या पृष्ठभागांची) अवस्था एकदा तपासलीच पाहिजे.

संख्यात्मक नियंत्रणावर चाललेली पहिली मिलिंग मशीनही रेट्रोफिटच होती. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करत. पात्याच्या वक्राकारावरचे बिंदू गणकयंत्राने काढावेत आणि कटर त्या बिंदूंवरून न्यावा, ही कल्पना त्यांनी आणि फ्रँक स्टुलेन यांनी पुढे नेली. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे कंत्राट मिळाले. पुढे एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने सिनसिनाटी कंपनीची हायड्रोटेल ही तयार मिलिंग मशीन घेऊन तिच्यावर नियंत्रण चढवले आणि १९५२ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून वाचल्या जात आणि निर्वात नळ्यांनी भरलेली कपाटे मशीनपेक्षा जास्त जागा अडवत. आज तेच काम तळहातावर मावणारे कार्ड करते.

रेट्रोफिटसाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली मशीन म्हणजे १९३८ पासून अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात बनू लागलेली ब्रिजपोर्ट. भारतात एचएमटीच्या एफएन-२ सारख्या मशीन आणि बीएफडब्ल्यू या कंपनीच्या जुन्या मशीन या कामाला येतात. भोसरी, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपमध्ये अशा मशीन आजही जॉब (घडवायचे भाग) काढत उभ्या आहेत.

या कामाची सुरुवात वायरिंगपासून करणे ही सर्वांत महागडी चूक. आधी यांत्रिकी, मग विद्युत. टेबलाला डायल (बारीक हालचाल मोजणारे घड्याळ) लावून हँडल उलटे फिरवावे. डायलचा काटा हलण्याआधी हँडल जितके मोकळे फिरते, तितका बॅकलॅश. हाताने काम करणारा कारागीर हा मोकळेपणा, म्हणजे प्ले, मनात धरून चालतो: तो नेहमी एकाच बाजूने येऊन आकडा गाठतो आणि आकडा ओलांडला तर पुरेसा मागे जाऊन पुन्हा येतो. कंट्रोलरला हा हात नसतो. दिशा बदलताना ठरावीक पल्स (मोटरला सरकवणारे विद्युत ठोके) जास्त देऊन सॉफ्टवेअरमधून बॅकलॅश भरून काढता येतो, पण तो उपाय भोके पाडण्यापुरताच भरवशाचा. डाउन मिलिंगमध्ये, म्हणजे कटरचे दात टेबल सरकते त्याच दिशेने कापतात तेव्हा, कटरच टेबलाला आपल्याकडे ओढतो. त्या क्षणी स्क्रू आणि नट यांच्यातल्या मोकळ्या जागेत टेबल उडी मारते, जॉबवर ओरखडा उठतो, कधी कटरच तुटतो.

म्हणून मूळ ट्रॅपेझॉइडल स्क्रू काढून बॉलस्क्रू बसवतात. त्यात नट आणि स्क्रू यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात. घर्षण फार कमी होते आणि नटला प्रीलोड (आधीच थोडा दाब) देऊन प्ले जवळजवळ संपवता येतो. घर्षण कमी होण्याची दुसरी बाजू मात्र जपावी लागते. जुना स्क्रू स्वतःच अडून राहतो, बॉलस्क्रू राहत नाही. उभ्या अक्षाची वीज गेली की नी किंवा हेड वजनाने खाली येते. तिथे ब्रेकची मोटर किंवा प्रतिभार हवाच. ब्रिजपोर्टवर पुष्कळ जण नीऐवजी क्विलच (कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला वर-खाली नेणारी नळी) झेड, म्हणजे उभा, अक्ष म्हणून चालवतात. क्विल हलकी असते, पण तिची चाल ५ इंच, म्हणजे १२७ मिमी एवढीच मिळते.

स्लाइडची झीज बॉलस्क्रूने जात नाही. वर्षानुवर्षे व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) टेबलाच्या मध्यावर बांधलेला असतो, त्यामुळे स्लाइड मध्ये जास्त झिजते आणि टोकांना कोरी राहते. मध्यावर जीब (स्लाइडमधली मोकळीक घेणारी पट्टी) नीट बसवला की टेबल टोकाला जाऊन जाम होते. टोकाला मोकळा केला की मध्ये डुलते. हे दिसले की ग्राइंडिंग आणि निळ्या रंगाचे ठसे घेऊन हाताने स्क्रेपिंग (बारीक खरवडून सपाट) करण्यावाचून इलाज नाही. हे कसब असलेले हात आता कमी उरले आहेत, आणि ते मिळणे मोटर मिळण्यापेक्षा अवघड आहे.

मोटरमध्ये स्टेपर (दर पल्सला ठरावीक पाऊल फिरणारा) स्वस्त, सर्व्हो (आपली जागा मोजत फिरणारा) खात्रीचा. नेहमीच्या स्टेपरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप असतात. ड्राइव्हवर १० मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १० भाग) ठेवले की २,००० पल्स होतात, आणि ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू थेट जोडला तर एका पल्सला टेबल ०.००२५ मिमी सरकते. हा हिशेबाचा आकडा आहे, मशीनची अचूकता नव्हे. जास्त भार आला की साधा स्टेपर गुपचूप स्टेप गमावतो आणि कंट्रोलरला पत्ता लागत नाही. सर्व्होच्या एन्कोडरला (फिरलेला कोन मोजणाऱ्या भागाला) फरक कळतो आणि तो मर्यादेबाहेर गेला की ड्राइव्ह अलार्म देऊन थांबते.

कंट्रोलरसाठी सीमेन्स, फॅनकसारखे औद्योगिक संच आहेतच. लहान वर्कशॉपला मात्र लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर जवळचे वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत ते ईएमसी या नावाने सुरू झाले. सरकारी काम असल्याने मूळ प्रोग्राम सर्वांना खुला होता. २०११ मध्ये त्याचे नाव बदलले. ते फुकट मिळते, पण शिकायला वेळ मागते.

स्पिंडलसाठी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) बसवल्यावर एक त्रास हमखास होतो. तिची केबल आणि लिमिट स्विचच्या (अक्ष टोकाला पोचला की मशीन थांबवणाऱ्या स्विचच्या) वायरी एकाच पाइपातून नेल्या, तर कुणी हात न लावता मशीन मध्येच 'लिमिट' दाखवून थांबते. दोन्ही वायरिंग वेगळी न्यावी, शील्डेड केबल वापरावी आणि अर्थिंग मनापासून करावे. इमर्जन्सी स्टॉपचे बटण मात्र सॉफ्टवेअरवर सोपवू नये. त्याने काँटॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) पाडून ड्राइव्हची वीज प्रत्यक्ष तोडली पाहिजे. उभ्या अक्षाचा ब्रेक त्याच क्षणी लागला पाहिजे.

काम पुरे झाले की ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर एक वर्तुळ कापून पाहतात. एक्स किंवा वाय अक्ष जिथे दिशा बदलतो, त्या चार जागी बोट फिरवले तर उरलेला बॅकलॅश बारीक पायरीसारखा हाताला लागतो. तिथे पृष्ठभाग सलग गुळगुळीत आला, की मशीन जॉबला लावतात.