सुट्या भागांची बेस गिटार

सुट्या भागांची बेस गिटार म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांतून निघालेले किंवा सुटे विकत घेतलेले भाग (बॉडी म्हणजे धड, नेक म्हणजे मान, तारा धरणारा ब्रिज, तारा पिळणारे ट्यूनर, तारांची कंपने विजेत बदलणारे पिकअप) घरच्या घरी जुळवून उभी केलेली विद्युत बेस गिटार. वादकांच्या बोलण्यात अशा वाद्याला ‘पार्ट्सकास्टर’ किंवा ‘फ्रँकनस्टाईन’ म्हणतात. लाकडाच्या ओंडक्यापासून वाद्य घडवणाऱ्या कारागिराचे काम वेगळे. येथे जवळजवळ सगळे भाग तयार मिळतात, फक्त ते एकमेकांसाठी बनलेले नसतात. त्यामुळे कामाचा मोठा वाटा घडवण्यात जात नाही, मापे जुळवण्यात जातो. नवशिके पिकअप कोणता घ्यावा यावर आठवडे घालवतात. वाद्य वाजवण्याजोगे होणार की नाही, हे मात्र नेक आणि ब्रिजच ठरवतात.

हे सारे शक्य झाले ते फेंडर कंपनीचा संस्थापक लिओ फेंडर याच्या एका निर्णयामुळे. कॅलिफोर्नियातील त्याच्या कारखान्यातून 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाहेर पडली. तिची नेक सरसाने कायमची चिकटवलेली नव्हती. बॉडीतील खोबणीत ठेवून ती चार स्क्रूंनी आवळलेली होती. उत्पादन सोपे व्हावे आणि खराब झालेली नेक सहज बदलता यावी, हा त्यामागचा हिशोब. 1960 मध्ये आलेल्या फेंडरच्याच जॅझ बेसची नेक नटपाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) बरीच अरुंद होती, पण खोबणीत बसणारे तिचे टोक प्रिसिजनसारखेच राहिले. म्हणून एकीची नेक दुसरीच्या बॉडीवर चढते, आणि प्रिसिजन बॉडीवर जॅझ नेक हे आजही लोकप्रिय मिश्रण आहे. पुढे असंख्य कंपन्यांनी याच मापांच्या प्रतिकृती काढल्या आणि 1970 च्या दशकात बदली भागांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. आज गिटारसाठी प्रसिद्ध असलेल्या शेक्टरची सुरुवात 1976 मध्ये दुरुस्तीच्या आणि सुट्या भागांच्या कामातून झाली. त्याआधीच, 1967 मध्ये, ‘द हू’ या बँडच्या जॉन एंटविसलने मोडक्यातोडक्या पाच प्रिसिजन बेसचे भाग एकत्र करून एक बेस जुळवली होती. तिचे नावही त्याने ‘फ्रँकनस्टाईन’च ठेवले.

मापे

प्रचलित मापे थोडक्यात अशी: नट ते सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकणारा सरकता तुकडा) अंतर, म्हणजे स्केल, 34 इंच (863.6 मिमी), नेकच्या टाचेची (खोबणीत बसणाऱ्या टोकाची) रुंदी 2.5 इंच (63.5 मिमी), टाचेची जाडी सुमारे 25 मिमी आणि खोबणीची खोली सुमारे 16 मिमी. नटपाशी जॅझ नेक 38 मिमी रुंद असते, तर प्रिसिजन नेक साधारण 41 ते 44 मिमी. कागदावर हे नीट जुळते. प्रत्यक्षात जुन्या प्रतिकृतींची टाच मिलिमीटरभर रुंद निघते, खोबणीत रंगाचा जाड थर साचलेला असतो, किंवा टाचेचे कोपरे खोबणीपेक्षा वेगळ्या गोलाईचे असतात. म्हणून जाहिरातीत ‘स्टँडर्ड’ लिहिले आहे यावर न विसंबता विक्रेत्याकडून कॅलिपरने घेतलेली मापे मागवणे शहाणपणाचे. टाच रुंद असेल तर खोबण थोडी कोरता येते. टाच अरुंद असेल तर बाजूला पातळ लाकडी पट्टी चिकटवता येते, पण ते ओंगळ दिसते. तीन स्क्रूंची नेक चार छिद्रांच्या बॉडीवर बसवायची असेल तर छिद्रे नव्यानेच पाडावी लागतात. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षे जॅझ बेसवर तीन स्क्रूंची रचना होती.

सर्वांत महाग पडणारी चूक स्केलची. फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कोठे बसतील हे नेकवरच ठरलेले असते. ब्रिजला त्या हिशोबाने जागा शोधावी लागते. 34 इंची नेकवर विसाव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचे अंतर 272 मिमी भरते, 30 इंची शॉर्ट स्केल नेकवर ते 240 मिमी. म्हणजे लांब स्केलच्या बॉडीला आखूड नेक लावली आणि शेवटचा फ्रेट त्याच जागी आला, तर ब्रिज 32 मिमी पुढे सरकवावा लागतो. तेवढ्यात तो अनेकदा पिकअपच्या खाचेवर येतो आणि मागची जुनी छिद्रे उघडी पडतात. ब्रिज जुन्याच जागी ठेवला तर मोकळी तार सुरात लावता येते, पण दाबलेला प्रत्येक स्वर बेसूर वाजतो. सॅडल मागेपुढे करून एवढी तफावत निघत नाही, कारण सॅडलला सरकायला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर जागा असते.

नेक बसवणे

चार तारा सुरात आणल्या की नेकवर 70 किलोंहून अधिक ताण येतो. तो सांभाळायचा तर टाच आणि खोबण यांच्यात फट राहता कामा नये. येथे एक बारकावा नेहमी सुटतो. सुमारे 4.2 मिमी जाडीचा स्क्रू बॉडीच्या छिद्रातून न अडता सरकला पाहिजे. त्याचे आटे फक्त नेकच्या लाकडात रुतावेत. बॉडीतही आटे धरले तर स्क्रू कितीही आवळला तरी नेक खाली ओढली जात नाही आणि केसाएवढी फट तशीच राहते. म्हणून बॉडीचे छिद्र 4.5 मिमीच्या आसपास आणि नेकचे 3.2 मिमीच्या आसपास ठेवतात. मेपलचे लाकूड कडक असते, त्यात छिद्र अरुंद पडले तर स्क्रूचे डोके तुटून बाकीचा स्क्रू आत अडकतो. आट्यांना मेण किंवा कोरडा साबण चोळला की हे टळते. ड्रिलच्या पात्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर पाते फ्रेटबोर्डमधून (फ्रेट बसवलेल्या दर्शनी फळीतून) वर निघते.

जुन्या नेकची छिद्रे नव्या बॉडीशी जुळत नसतील तर ती कडक लाकडाच्या खुंट्यांनी, सरस लावून, बुजवतात आणि सरस पूर्ण वाळल्यावर नवी पाडतात. टूथपिक आणि सरसाची युक्ती पट्ट्याच्या बटणासाठी चालते, नेकसाठी नाही.

छिद्रे पाडण्याआधी मध्यरेषा तपासायची. दोन्ही बाहेरच्या तारांच्या जागी नटपासून सॅडलपर्यंत दोरा ताणून शेवटच्या फ्रेटपाशी पाहावे: दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर हवेत. एका बाजूचा दोरा कडेवर आला तर नेक तिरकी आहे किंवा ब्रिज बाजूला सरकला आहे. ब्रिज शेवटी बसवायचा असेल तर काम सोपे, कारण तो नेकच्या रेषेत आणता येतो. बॉडीवर ब्रिजची छिद्रे आधीच असतील तर नेकलाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

यानंतर उंचीचा प्रश्न. सॅडल तळाला टेकले तरी तारा फ्रेटपासून उंचच राहिल्या, तर खोबणीच्या ब्रिजकडील टोकाला पातळ पाचर सारतात. त्यामुळे हेडस्टॉक (नेकचे ट्यूनर बसवलेले टोक) किंचित मागे कलतो आणि तारा खाली येतात. पाव ते एक अंशाचा उतार बहुधा पुरतो. खोबणभर बसणारी, तिरपी तासलेली लाकडी पाचर नीटनेटकी असते. पत्त्याच्या कार्डाचा तुकडाही काम भागवतो. कार्डामुळे आवाज ‘मरतो’, असे छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात, पण जुन्या फेंडर वाद्यांच्या खोबणीतसुद्धा कारखान्यातूनच घातलेल्या पाचरी सापडतात.

ट्यूनरच्या बाबतीत छिद्राचा व्यास पाहावा. जुन्या पद्धतीचे ट्यूनर मोठ्या छिद्रात बसतात, नवे त्याहून लहान छिद्रात. मोठे छिद्र लहान करायला जोड-बुश (आत बसणाऱ्या कड्या) मिळतात. लहान छिद्र मोठे करताना हाताचा ड्रिल वापरला तर हेडस्टॉकच्या कडेचे लाकूड चिरते. निमुळता रीमर (छिद्र हळूहळू रुंद करणारे हत्यार) हाताने फिरवणे बरे.

पिकअप आणि वायरिंग

इलेक्ट्रिकचा भाग तुलनेने क्षमाशील आहे. सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपला 250 किलोओहमचे पॉट (आवाज-टोन कमीजास्त करणारा फिरता नियंत्रक), हंबकरला (गुणगुण खोडणाऱ्या दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) बहुधा 500 चे, आणि टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढ्यावर पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारे) सर्किट उभे राहते. ब्रिजखालून एक वायर कंट्रोलच्या खाचेत आणून अर्थला जोडायची असते. ती विसरली की बेस गुणगुणत राहते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे, असे समजावे. पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना ताकदीची सोल्डरिंग आयर्न हवी. कमकुवत आयर्न बराच वेळ टेकवून ठेवली तर सोल्डर नीट धरत नाही आणि पॉट आतून जळतो.

खरी गंमत दोन वेगवेगळ्या जोड्यांतले पिकअप एकत्र आणल्यावर होते. जॅझ बेसच्या मूळ जोडीत एका पिकअपची चुंबकाची दिशा आणि गुंडाळीची दिशा दुसऱ्याच्या उलट असते. त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडले की तारांचा आवाज एकत्र होतो आणि गुणगुण एकमेकांना खोडते. अनोळखी पिकअप सोल्डर करण्याआधी समोरासमोर, वरची बाजू वरच्या बाजूकडे करून धरावेत. ते एकमेकांना ओढत असतील तर चुंबक उलट आहेत. योग्य फेज (दोन्ही पिकअपच्या विद्युत संकेतांची दिशा) जुळवला की गुणगुणही जाईल. ढकलत असतील तर फेज जुळेल, पण गुणगुण राहील. बसवल्यावर दोन्ही उघडताच खर्ज गायब होऊन आवाज नाकातून आल्यासारखा वाटला, तर फेज उलटा पडला आहे: एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. त्या पिकअपचे धातूचे कव्हर अर्थच्या वायरला जोडलेले असेल तर ते आधी सुटे करून वेगळे अर्थ करावे लागते. 1957 पासूनच्या प्रिसिजन पिकअपला ही कटकट नाही, कारण त्याचे दोन अर्धे आपापसातच गुणगुण खोडतात.

ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) सर्किट घेतल्यास बॅटरीसाठी जागा हवी, आणि जॅक स्टिरिओ हवा, म्हणजे केबल काढली की बॅटरीची जोडणी आपोआप तुटते.

सेटअप

तारा चढवल्यावर नेकला ताणाची सवय व्हायला एखादा दिवस द्यावा. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहायची, 0.3 मिमीच्या आसपास असेल तर ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी तिच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळून पुन्हा पाहायचे. त्यानंतर सॅडलची उंची, आणि सगळ्यांत शेवटी इंटोनेशन (दाबलेले स्वर सुरात आणणे): बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार हलके स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर सूर दाखवणाऱ्या यंत्रावर पडताळायचा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्यायचे. जाड ई तारेचे सॅडल जी तारेच्या सॅडलपेक्षा मागे आले तर घाबरायचे कारण नाही, ते तसेच यायला हवे.

दोन दोष मात्र सेटअपने जात नाहीत. हलकी बॉडी आणि जड ट्यूनर एकत्र आले की पट्ट्यावर लटकवलेली बेस हेडस्टॉकच्या बाजूला झुकते. हलके ट्यूनर लावणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय. दुसरा दोष ‘डेड स्पॉट’चा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास, म्हणजे 131 ते 147 हर्ट्झच्या पट्ट्यात, एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर विझतो, कारण नेक स्वतः त्याच कंपनसंख्येला हलून तारेची ऊर्जा पिऊन टाकते. नेक आणि बॉडी वेगवेगळ्या घरच्या असल्याने तो नेमका कुठे येईल हे आधी सांगता येत नाही. हेडस्टॉकला वजनाचा क्लॅम्प लावून तो थोडा सरकवता येतो, एवढेच.

खरेदी-विक्री

सुट्या बॉडीच्या बाजारात इतके उत्पादक आहेत त्याला कायदेशीर बाजूही आहे. 2009 मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर या गिटार आणि प्रिसिजन बेस यांच्या बॉडीच्या आकारांची नोंदणी फेंडरला नाकारली. हे आकार सर्वसामान्य झाले आहेत, असे मंडळाचे म्हणणे होते. हेडस्टॉकच्या आकाराचे हक्क मात्र फेंडरकडे आहेत, म्हणून काही नेकांवर परवान्याचा शिक्का दिसतो. शिसम वर्गातील लाकडाचा, म्हणजे रोझवुडचा, फ्रेटबोर्ड परदेशातून मागवताना 2017 पासून साइट्स (संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय) कराराची कागदपत्रे लागत होती. 2019 च्या अखेरीस तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडला ही सूट नाही. जुळवलेली बेस विकताना किंमत बहुधा सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा कमी येते, म्हणून अनेक जण ती पुन्हा उकलून भाग वेगवेगळे विकतात. तिच्यावर मूळ कंपनीचा डेकल (नावाची चिकटणारी छापील खूण) चिकटवून अस्सल म्हणून खपवणे ही सरळसरळ फसवणूक आहे.